ऑपरेशननंतर पायाला आलेली सूज आणि मालीश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा किंवा खुबा बदलला, पायात रॉड किंवा प्लेट बसवली, बायपाससाठी पायातली शीर काढली, व्हेरिकोज व्हेनचं ऑपरेशन झालं, सिझेरियन झालं, की घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत कुणीतरी म्हणतंच, "पाय किती सुजलाय, जरा चोळून घ्या." पुढची उत्तरं त्या सल्ल्यासाठी आहेत. कुठली सूज चोळायची नसते, कुठल्या सुजेवर हात फिरवल्यानं आराम पडतो आणि तो हात कसा फिरवायचा, हे त्यात आहे. औषधं आणि टाक्यांबद्दलचा शेवटचा शब्द मात्र तुमच्या सर्जनचाच.

ऑपरेशन नीट झालं, तरी पाय का सुजतो?

कारणं एकाहून अधिक असतात. कापलेल्या जागी शरीर दुरुस्तीचं काम सुरू करतं. त्या वेळी बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं आजूबाजूला झिरपतात. हे जादा पाणी परत नेणाऱ्या लसीकावाहिन्याही ऑपरेशनमध्ये थोड्याफार कापल्या गेलेल्या असतात. पोटरीचा स्नायू चालताना पंपासारखा रक्त वर ढकलतो, तो अंथरुणावर पडून राहिल्यानं थंडावतो. सलाईनचं पाणी वेगळंच.

गुडघा बदलल्यावर सूज पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते. नंतर ती हळूहळू उतरते. तीन महिने दिसेल इतकी, आणि सहा महिन्यांपर्यंत संध्याकाळी थोडीशी, हे नेहमीचं आहे. घोट्यापर्यंत काळंनिळं उतरलं म्हणून घरचे घाबरतात. गुडघ्याजवळचं साकळलेलं रक्तच खाली उतरतं, आधी निळं, मग हिरवट-पिवळं होतं आणि दोन-तीन आठवड्यांत जातं. डाग खाली सरकतोय आणि पोटरी मऊ आहे, तर काळजी नाही.

सकाळी पाय बरा असतो, संध्याकाळी पुन्हा फुगतो. ऑपरेशन बिघडलं का?

नाही. रात्री पाय आडवा होता, दिवसा लोंबकळत होता, एवढाच फरक. उलट झालं, म्हणजे रात्रभर पाय वर ठेवूनही सकाळी सूज तेवढीच किंवा वाढलेली दिसली, तर दाखवून घ्या.

मालीश कुणी मुळीच करू नये?

हा भाग सोडून पुढे जाऊ नका.

पहिली भीती रक्ताच्या गुठळीची, डॉक्टर जिला डीव्हीटी म्हणतात. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत रक्त गोठतं. अशा पायावर जोरात हात चालला तर गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकतो आणि माणूस दगावू शकतो. धोका पहिल्या दोन आठवड्यांत जास्त असतो, पण तीन महिन्यांपर्यंत तो पूर्ण टळलेला नसतो. खुणा अशा : एकाच पायाची पोटरी अचानक फुगते, ताठ लागते, दाबल्यावर दुखते, हाताला गरम लागते, कातडी लालसर किंवा जांभळट चमकते. सगळ्या खुणा एकदम दिसतीलच असं नाही. शंका आली की मालीश बंद, चालत फिरणंही नको, त्याच दिवशी पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का ते पाहायची जुनी पद्धत बऱ्याच जणांना माहीत असते. ती भरवशाची नाही, तिच्यावर विसंबू नका. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन माणूस पडला, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट जंतुसंसर्गाची. पाय लालभडक, गरम, लालीची कड दर काही तासांनी पुढे सरकते, थंडी वाजून ताप, जखमेतून पू किंवा वास येणारं पाणी. इथं आधी अँटिबायोटिक. ताप आणि लाली गेल्यावरच मालीशीचा विचार.

हाड मोडून प्लास्टर किंवा रॉड घातलेल्या पायात पहिल्या दोन-तीन दिवसांत आणखी एक प्रकार घडतो. आतला दाब एवढा वाढतो की स्नायूंचा रक्तपुरवठाच बंद पडतो. दुखणं औषधाला दाद देत नाही, बोटं कुणी हलकेच वाकवली तरी माणूस ओरडतो, मुंग्या येतात, पोटरी दगडासारखी लागते. इथं तासांवर खेळ असतो. चोळायचं नाहीच, पण पाय उशीवर खूप उंचही ठेवायचा नाही, छातीच्या पातळीवर ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

दोन्ही पाय सारखेच सुजलेत, बोट दाबलं की खळी राहते, आडवं झालं की दम लागतो, तर दुखणं पायात नसून हृदय किंवा मूत्रपिंडात असू शकतं. मालीश केली तर पायातलं पाणी आधीच थकलेल्या हृदयाकडे ढकललं जातं. मधुमेह बरीच वर्षं असलेल्यांनी आणि तंबाखू-बिडीची सवय असलेल्यांनी पावलाची नाडी तपासून घ्यावी. पाऊल गार, फिकट आणि चालताना पोटरीत पेटके येत असतील तर घट्ट पट्टी किंवा दाब देणारे (कॉम्प्रेशनचे) मोजे त्या पायाला घातक ठरतात.

मग मालीश म्हणजे नक्की कोणती?

आपल्याकडे मालीश म्हटलं की तेल, जोर आणि रगडणं डोळ्यांसमोर येतं. सुजेसाठीची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तिला मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज, म्हणजे हातानं लसीकेचा निचरा करणं, म्हणतात, फिजिओथेरपिस्ट थोडक्यात 'एमएलडी' म्हणतील. डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये ती बसवली. १९३६ साली पॅरिसमध्ये त्यांनी ती लोकांपुढे मांडली.

तत्त्व असं. कातडीच्या अगदी खाली लसीकेच्या केसाएवढ्या वाहिन्या असतात. त्यांच्या भिंतींना बारीक तंतू जोडलेले असतात. कातडी हलकेच ताणली की तंतू ओढले जातात, भिंतीतल्या फटी उघडतात आणि बाहेरचं पाणी आत शिरतं. मग हे पाणी जांघेतल्या लसीकेच्या गाठींतून पोटात, तिथून छातीतून वर चढून डाव्या खांद्याजवळ गळ्याच्या मुळाशी मोठ्या शिरेत पडतं. जोरात दाबलं तर त्याच वाहिन्या चपट्या होतात आणि दुखावलेल्या जागी नव्यानं पाणी झिरपतं. रगडल्यावर तासभर बरं वाटतं आणि रात्री पाय जास्त फुगतो, त्याचं कारण हेच.

दाब किती, हे घरी कसं ओळखायचं?

कातडी हातासोबत सरकली पाहिजे, पण खालचा स्नायू हाताला लागता कामा नये. लाली उठली, दुखलं किंवा बोटांचे ठसे राहिले, तर दाब जास्त झाला. भाकरी थापणारा हात इथं चालत नाही, पिठावरून नुसता फिरणारा हात हवा. हालचाल संथ ठेवा. कातडी वरच्या दिशेनं ताणायला एक सेकंद, सोडायला एक-दोन सेकंद. सोडणंही तितकंच महत्त्वाचं, कारण वाहिनी पुन्हा भरते ती त्याच वेळी. या वाहिन्या स्वतः मिनिटाला साधारण सहा ते दहा वेळाच आकुंचन पावतात, त्यामुळे घाई करून काहीच मिळत नाही.

घरी पायरी-पायरीनं कशी करायची?

फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर बसून शिकून घ्या, सर्जनला विचारा, आणि मगच सुरू करा. करणाऱ्याची नखं कापलेली हवीत, हातात अंगठ्या-बांगड्या नकोत. रुग्णाला आडवं झोपवा, पाय उशांवर, टाच छातीपेक्षा उंच. परकराची, सलवारीची किंवा पायजम्याची नाडी सैल करा. जांघेत किंवा कमरेला आवळणारं काही असेल तर खालून वर आलेलं पाणी तिथंच अडतं, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते.

सुरुवात पायापासून करायची नाही. आधी वरची वाट मोकळी करायची, मग खालचं पाणी वर आणायचं.

तळहात बेंबीवर ठेवून पाच-सहा खोल श्वास, पोट फुगेल असे. पोटाचं ऑपरेशन किंवा सिझेरियन झालं असेल तर हात ठेवू नका, नुसता श्वास घ्या. मग गळ्याखालच्या आडव्या हाडांवरच्या दोन्ही खळग्यांत बोटं सपाट ठेवून आत-खालच्या दिशेनं कातडी दहा वेळा हलवायची. थायरॉइड वाढलेला असेल, मानेच्या रक्तवाहिनीचा त्रास असेल किंवा वय झालेलं असून चक्कर येत असेल, तर गळ्याचा भाग वगळा.

आता जांघ. मांडी आणि पोट जिथं मिळतात त्या घडीत सपाट हात ठेवून पोटाकडे दहा ते पंधरा वेळा. मग मांडीचा वरचा तिसरा हिस्सा, नंतर मधला, नंतर गुडघ्याजवळचा. प्रत्येक ठिकाणी पाच ते सात वेळा. जागा बदलताना हात खाली सरकतो, ढकलण्याची दिशा मात्र नेहमी वरच. मांडीची बाहेरची बाजू विसरली जाते, तीही घ्या.

गुडघ्यामागच्या लवणीत गाठी असतात, तिथं चार बोटांनी दहा वेळा अगदी हलकं. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना टाक्यांपासून तीन-चार बोटं दूर राहून. मग पोटरी, तीही वरून खाली तीन टप्प्यांत. घोट्याच्या हाडामागच्या दोन्ही खोबणींत सूज सगळ्यात जास्त साचते, तिथं थोडा वेळ जास्त द्या. पावलाची वरची बाजू आणि शेवटी बोटं. आता परतीचा हात : पावलापासून जांघेपर्यंत दोन्ही तळहातांनी लांब, हलका, तीन वेळा.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. झाल्यावर पाऊल वर-खाली वीस वेळा हलवा आणि लगेच मोजे चढवा. मोजे न घालता खुर्चीत पाय सोडून बसलात, तर अर्ध्या तासात मेहनत वाया.

ऑपरेशननंतर कितव्या दिवशी सुरू करावी?

श्वास, जांघ आणि मांडीचा वरचा भाग, हे सर्जननं होकार दिला तर दोन-तीन दिवसांनीही चालतं. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये जखम जांघेजवळच असते, म्हणून तिथं थांबा. जखमेच्या जवळ टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, हात न्यायचा नाही. व्रणावरची मालीश ही वेगळी गोष्ट आहे. खपली पूर्ण पडून कातडी कोरडी झाल्यावर, बहुधा तीन-चार आठवड्यांनंतर, दोन बोटांनी व्रण आडवा-उभा हलवायचा. तो हाडाला चिकटू नये हा तिचा उद्देश, सूज उतरवणं नव्हे.

करडईचं किंवा तिळाचं तेल लावलं तर?

लसीकेच्या मालीशीला तेल नको. हात घसरला की कातडी ताणली जात नाही, आणि सगळा उपाय त्या ताणावरच उभा आहे. टाके ओले असताना तेल लावलं तर जखमेत जंतू जायला वाट मिळते. शिवाय तेलानं मोज्यांचं इलॅस्टिक लवकर जातं. कातडी कोरडी पडून खाजत असेल तर रात्री मोजे काढल्यावर खोबरेलाचे चार थेंब पुरे, जखम सोडून.

बाळंतिणीला चोळणाऱ्या बाई ओळखीच्या आहेत. त्यांच्याकडून पाय चोळून घ्यावा का?

त्यांचा हात अंगदुखीसाठी तयार झालेला असतो, सुजेसाठी नाही. ऑपरेशननंतरचे सहा आठवडे तरी सुजलेला पाय त्यांच्या हाती देऊ नका. सिझेरियननंतर दोन्ही पावलं आठवडाभर सुजणं नेहमीचं आहे. शरीरातलं जादा पाणी लघवीवाटे निघून जातं आणि सूज आपोआप उतरते. पण बाळंतपणानंतर सहा आठवडे गुठळीचा धोका वाढलेला असतो. एकच पाय सुजला, तर चोळण्याआधी डॉपलर. सुजेसोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब लगेच मोजा. हाडवैद्याकडे नेण्याबद्दल एवढंच म्हणू : आत रॉड-प्लेट असलेला पाय ओढून-पिळून घ्यायचा नसतो.

शेक द्यावा की बर्फ?

पहिल्या काही आठवड्यांत बर्फ. पिशवी सुती कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, मग किमान दोन तास खंड. कातडी बधिर असेल (गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्रणाच्या बाहेरच्या बाजूला ती बधिर असतेच) तर दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून बघा, नाहीतर बर्फानं भाजतं आणि कळतही नाही. गरम विटेचा, वाळूचा किंवा मिठाचा शेक रक्तवाहिन्या रुंदावतो आणि सूज वाढवतो. निरगुडीचा पाला किंवा हळद-चुन्याचा लेप टाक्यांच्या आसपास नकोच. चुन्यानं कातडी सोलवटते आणि मग दुखणं ऑपरेशनचं आहे की लेपाचं, तेच समजेनासं होतं.

पाय वर ठेवतो, तरी सूज उतरत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा उंची. स्टुलावर पाय ठेवून खुर्चीत बसणं म्हणजे पाय वर ठेवणं नव्हे. झोपूनच टाच छातीच्या वर यायला हवी, दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास.

दुसरी चूक जास्त महागात पडते. गुडघा बदललेल्या रुग्णाच्या गुडघ्याखाली आपण मायेनं उशी सरकवतो. त्याला बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि महिन्याभरानं तो सरळ करायला घाम निघतो. उशी गुडघ्याखाली नको, टाच आणि पोटरीखाली हवी. सोलापुरी चादरीची जाड घडी किंवा टॉवेलची घट्ट गुंडाळी घोट्याखाली ठेवली की गुडघा आपोआप सरळ होतो, सूजही उतरते. खुबा बदललेल्यांनी पाय किती उचलायचा ते सर्जनला विचारूनच ठरवावं.

क्रेप बँडेज पुरेसं आहे का? मोजे कोणते घ्यावेत?

क्रेप बँडेज फक्त गुडघ्याला गुंडाळलं की खालचा पाय फुगतो, कारण पट्टीनं वाट अडवलेली असते. बांधायचंच असेल तर बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, टाच उघडी ठेवू नका, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर घ्या, आणि वर जाताना ताण कमी करत न्या. बोटं निळी-पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या की सोडा. क्रेप बँडेज रात्री काढून ठेवा.

रुग्णालयात मिळणारे पांढरे मोजे पडून असलेल्या माणसाच्या शिरांत रक्त साचू नये म्हणून असतात. चालू-फिरू लागल्यावर सुजेसाठी घोट्याशी जास्त दाबाचे लागतात. क्लास १ म्हणजे सुमारे १८ ते २१ मिमी पारा, क्लास २ म्हणजे २३ ते ३२. कुठला, हे डॉक्टर ठरवतील. मधुमेहींनी आणि पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असलेल्यांनी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून ताडून पाहिल्याशिवाय क्लास २ घेऊ नये.

माप सकाळी उठल्याउठल्या द्यायचं : घोट्याचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा सगळ्यात जाड भाग आणि लागल्यास मांडी. दुकानात संध्याकाळी माप दिलं तर एक नंबर मोठा मोजा गळ्यात पडतो. मोजे अंथरुणातून उतरण्याआधी घाला. टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत घाला, मग वर ओढा. हातात स्वयंपाकघरातले रबरी मोजे असले की सोपं जातं. वरची कड कधीही दुमडू नका, दुमडलेली कड पायाला दोरीसारखी आवळते. साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवा. चार ते सहा महिन्यांत दाब उतरतो, मग नवे घ्या.

सोलापूरच्या उन्हाळ्यात मोजे सहन होत नाहीत. सोडले तर चालतील का?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना सूजही वाढते, म्हणजे मोजे नकोसे होतात नेमके तेव्हाच ते लागतात. मांडीपर्यंतच्या ऐवजी गुडघ्यापर्यंतचे चालतील का ते डॉक्टरांना विचारा, बहुतेकांना चालतात. बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी दोन तास मोजे काढून पाय उंच ठेवून झोपा, उठताना पुन्हा घाला. मोज्यावरूनच पाण्याचा हलका फवारा मारून पंख्याखाली बसलं तर बराच आराम पडतो. टाके ओले असतील तर हा फवारा नको.

नळाला पाणी येण्याच्या दिवशी मात्र बादल्या आणि कळशा उचलायला उभं राहू नका. तासभर उभं राहणं आणि वजन उचलणं, दोन्ही एकदम होतं, आणि संध्याकाळी पाय ते सांगतो.

सूज वाढते की कमी होते, हे मोजायचं कसं?

शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून दहा सेंटिमीटर खाली पेनानं खूण करा, वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर दुसरी, आणि घोट्याच्या हाडाच्या जरा वर तिसरी. दोन्ही पाय मोजा, रोज सकाळी त्याच वेळी, टेप न आवळता. आकडे कॅलेंडरवर लिहा. ऑपरेशन झालेला पाय थोडा जाड असणारच. पण दोन पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक, किंवा एका दिवसात अचानक वाढ, हे डॉक्टरांना फोन करण्याचं कारण आहे.

मालीशीनं खरंच फायदा होतो का?

प्रामाणिक उत्तर असं. गुडघा बदललेल्यांवर झालेल्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत सुरुवातीच्या दिवसांत गुडघा जास्त वाकला, पण पायाच्या घेरात फारसा फरक दिसला नाही. दुखणं आणि ताण कमी वाटतो, झोप लागते, हे रुग्ण सांगतात. नुसत्या मालीशीवर सूज उतरत नाही. चालणं, पाऊल हलवणं, पाय उंच ठेवणं आणि मोजे, यांच्या जोडीला ती आहे. पैसे मोजके असतील तर आधी चांगले मोजे घ्या, मग मालीशीच्या बैठका.

मसाज गन, व्हायब्रेटर, हवेचे बूट?

मसाज गन आणि व्हायब्रेटर नकोत, ते स्नायूसाठी आहेत. हवेनं फुगणारे बूट रुग्णालयात वापरतात आणि उपयोगी असतात, पण दाब आणि वेळ थेरपिस्टनं ठरवायचा. पायात गुठळी असेल, संसर्ग असेल किंवा हृदय कमजोर असेल तर तेही बंद.

गोळ्यांमुळे सूज येऊ शकते का?

येते, आणि हे कुणी पटकन लक्षात घेत नाही. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन घोट्यांना सूज आणते. नसांच्या दुखण्यासाठी दिलेली प्रिगॅबालिनही आणते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. स्वतःहून एकही बंद करू नका, पण चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना दाखवा. शेजाऱ्याची लघवीची गोळी घेऊन पाय उतरवायचा प्रयत्न तर नकोच. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन सांगितलेल्या दिवसापर्यंत चालू ठेवा. गुडघ्यानंतर बहुधा दोन आठवडे, खुब्यानंतर पाच आठवड्यांपर्यंत असते. "आता चालतोय की" म्हणून मध्येच सोडणं धोक्याचं.

खाण्यापिण्यात काय पाळावं?

मीठ आवरा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा, त्यात भाकरीबरोबरची शेंगाचटणी, लोणचं, पापड, फरसाण हेही धरायचं. चटणी सोडायची गरज नाही, घरी कमी मिठाची कुटा. प्रथिनं मात्र वाढवा : डाळ, मटकी, अंडी, दही, चालत असेल तर मासे-चिकन. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असलं की पाणी वाहिन्यांत टिकत नाही, आणि मग कितीही मालीश करा. हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर पाणी कमी करू नका.

बायपासनंतर ज्या पायातून शीर काढली तो सुजलाय. मालीश चालेल?

काही आठवडे ते काही महिने तो पाय सुजतो, मग शेजारच्या शिरा काम उचलतात. मालीशीआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, कारण इथं पाण्याचा भार पेलणारं हृदयच नुकतं सावरतंय. पाय उंच आणि मोजे यांवर बहुतेकांचं भागतं.

कॅन्सरसाठी जांघेतल्या गाठी काढल्यात. वरची पद्धत वापरू का?

नाही. तिथली वाट कायमची अरुंद झालेली असते, त्यामुळे पाणी जांघेकडे नेऊन उपयोग नाही. बगलेकडे किंवा दुसऱ्या जांघेकडे वळवण्याचं तंत्र प्रशिक्षित थेरपिस्टकडूनच. पट्टी, मोजे आणि कातडीची निगा हे जन्मभराचं काम आहे. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरता येत नसेल, तर ही लसीकेची सूज असण्याची दाट शक्यता.

सोलापूर जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. ऑपरेशनच्या आधीपासूनच पाय थोडा जाड असेल, वर्षातून एक-दोनदा थंडी-तापासह लाल होत असेल, तर ते सर्जनला आधीच सांगा. अशा पायाला रोज साबण-पाणी, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणं आणि अनवाणी न फिरणं हे मालीशीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

बिडीचं किंवा यंत्रमागाचं काम कधी सुरू करावं, आणि कसं?

परवानगी सर्जनची. बसण्याची पद्धत मात्र बदलावी लागेल. बिड्या वळताना मांडी घालून तासन्‌तास बसलं की जांघ आणि लवण दोन्हीकडे वाट दुमडते. सूप मांडीवर घेण्याऐवजी खुर्ची आणि समोर टेबल घ्या, पाय पुढे पाटावर. दर अर्ध्या तासानं उठून खोलीभर चाला, निदान पाऊल वीस वेळा हलवा. यंत्रमागावर पाळीभर उभं राहणाऱ्यांनी मोजे घालूनच उभं राहावं, आणि जागच्या जागी टाचा उचलून चवड्यांवर येणं तासाला वीस वेळा करावं. पोटरीचा पंप त्यानंच चालतो.

अक्कलकोट, पंढरपूर किंवा पुण्याला जायचंय. चालेल?

तास-दीड तासाचा प्रवास पाय मोकळा ठेवून जमतो. पुण्या-मुंबईचा लांबचा प्रवास पहिल्या सहा आठवड्यांत टाळा. तपासणीसाठी जावंच लागलं तर मधल्या वाटेकडची जागा, मोजे घातलेले, तासाला एकदा उतरून किंवा उभं राहून फिरणं, आणि लघवी लागेल म्हणून पाणी न पिता बसायचं नाही.

सोलापुरात थेरपिस्ट शोधताना काय विचारायचं?

पहिली चौकशी जिथं ऑपरेशन झालं तिथल्या फिजिओथेरपी विभागात. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात विचारा. खासगीत जाणार असाल तर पदवी आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी पाहा. लिम्फॅटिक ड्रेनेजचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, ते विचारा. मग दोन गोष्टी नुसत्या बघा : हात लावण्याआधी ते पोटरी तपासतात का आणि औषधांची चिठ्ठी मागतात का, आणि मालीशीची सुरुवात पायापासून करतात की वरून. तेलाची बाटली घेऊन थेट पोटरीला भिडणारा माणूस असेल तर फी न देता उठलात तरी चालेल.

चांगल्या पायालाही मालीश करायची का?

गरज नाही. त्याची जांघ मोकळी करायला दहा वेळा हात फिरवला तरी पुरे. पोटरी मात्र त्याचीही रोज दाबून बघा, गुठळी ऑपरेशन न झालेल्या पायातही होते.